कार्ल गर्डेलर: लाइप्झिगचे नगराध्यक्ष

चरित्रें बहुधा लढवय्यांचीं, साधूंचीं किंवा मोठमोठ्या वक्त्यांचीं लिहिलीं जातात. सरकारी अंमलदाराचें चरित्र लिहिण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. कारण त्याचें आयुष्य दफ्तरांत, अंदाजपत्रकांत आणि कागदांवर शेरे मारण्यांत जातें, आणि त्यानें काम चांगलें केलें म्हणजे तें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. नळास पाणी आलें, रस्त्यावर दिवे लागले, शाळामास्तरांचा पगार वेळेवर झाला, तर अंमलदाराची आठवण कोण काढतो? तथापि आज आम्ही वाचकांस अशाच एका अंमलदाराची हकीकत सांगणार आहों. त्यांचें नांव कार्ल फ्रीड्रिख गर्डेलर. हे कायदा शिकलेले, नगरपालिकांच्या व सरकारच्या नोकरींत केस पिकलेले जर्मन गृहस्थ होते. आणि २ फेब्रुवारी १९४५ रोजीं बर्लिन येथील प्लॉट्झेनझे तुरुंगांत त्यांच्याच सरकारनें देशद्रोही म्हणून त्यांचा प्राण घेतला.

गर्डेलर ह्यांचा जन्म ३१ जुलै १८८४ रोजीं श्नायडेम्यूल ह्या गांवीं झाला. हें गांव त्या वेळीं प्रशियाच्या राज्यांत होतें. आतां तें पोलंड देशांत असून त्यास पीला म्हणतात. वडील न्यायाधीश होते. पुढें तें कुटुंब मारीएनवेर्डर येथें राहावयास गेलें, आणि तेंच गांव कार्ल ह्यांस जन्मभर आपलें वाटत आलें. घराणें प्रॉटेस्टंट, राजनिष्ठ व काटकसरी. अशा घरांत सरकारी नोकरी हा केवळ पोटाचा धंदा समजला जात नसे. लांच घ्यावयाची नाहीं, कागद अडवून ठेवावयाचा नाहीं, सरकारी पैसा घरच्या पैशापेक्षां अधिक जपून खर्चावयाचा, आणि लेखी कायद्याबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं, हीच त्या लोकांची अब्रू असे. त्या काळीं जर्मनींत मोठा अंमलदार होऊं इच्छिणाऱ्यानें प्रथम विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करावा, मग कांहीं वर्षें कोर्टांतून व कचेऱ्यांतून उमेदवारी करावी, आणि शेवटीं दुसरी सरकारी परीक्षा द्यावी, असा नियम होता. गर्डेलर ह्यांनीं ट्यूबिंगेन व कोनिग्सबर्ग येथें शिकून हा सर्व क्रम पुरा केला. १९११ सालीं ते सोलिंगेन शहराच्या नगरपालिकेंत लागले. चाकू, सुऱ्या व कातऱ्या करणाऱ्या कारागिरांचें हें शहर. त्याच वर्षीं त्यांचा विवाह झाला, आणि पुढें त्यांस पांच मुलें झालीं.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां ते सैन्यांत अधिकारी होऊन पूर्वेकडील आघाडीवर गेले. १९१८ सालीं जिंकलेल्या रशियन मुलखांत, मिन्स्क शहराच्या बाजूस, जमाखर्चाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्याच वर्षीं जर्मनीचा पराभव झाला, बादशाहा देश सोडून गेला, आणि नंतर झालेल्या तहानें पश्चिम प्रशियाचा बराच भाग पोलंडास देण्यांत आला. ही गोष्ट गर्डेलर ह्यांच्या मनाला फार झोंबली. पुढें हिटलरच्या विरुद्ध गुप्तपणें मसलती चालवीत असतांही जर्मनीच्या जुन्या सरहद्दी परत मिळाव्या हा त्यांचा हट्ट कायम होता, आणि त्यामुळें इंग्लंडांतील मुत्सद्द्यांस त्यांचा पुरता भरंवसा येईना. मनुष्य प्रामाणिक असला म्हणजे त्याचीं सर्व मतें ग्राह्य होतात असें नाहीं, हें त्यांच्या बाबतींत वाचकांनीं आरंभापासून ध्यानांत ठेवावें.

१९२० सालीं ते कोनिग्सबर्गचे दुय्यम नगराध्यक्ष झाले, आणि १९३० सालीं लाइप्झिगचे मुख्य नगराध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. जर्मनींतील नगराध्यक्ष म्हणजे महिन्यांतून एकदां सभेच्या खुर्चीवर बसणारा मानकरी नव्हे. तो शहराचा पगारी कारभारी असतो. शाळा, इस्पितळें, पाणी, ट्राम, कर आणि गरिबांची मदत हीं सर्व त्याच्या हाताखालीं चालतात. लाइप्झिगची वस्ती त्या वेळीं सुमारें ७ लाख होती. छापखाने, पुस्तकांचा व्यापार आणि संगीत ह्यांविषयीं त्या शहराची जुनी ख्याति आहे. योहान सेबास्तियन बाख ह्यांनीं १७२३ पासून १७५० पर्यंत तेथील सेंट थॉमसच्या मंदिराच्या गायनाची व्यवस्था पाहिली. परंतु गर्डेलर आले तेव्हां जगांतील व्यापार बसला होता, आणि १९३२ च्या आरंभीं साऱ्या जर्मनींत सुमारें ६० लाख लोक बेकार होते. अशा दिवसांत नगरपालिकेचा जमाखर्च जुळविणें किती अवघड असतें, हें ज्यांनीं दुष्काळांत गांवचा कारभार पाहिला आहे त्यांस सांगावयास नको.

डिसेंबर १९३१ मध्यें चान्सेलर म्हणजे मुख्य प्रधान ब्र्यूनिंग ह्यांनीं गर्डेलर ह्यांस सर्व देशाच्या बाजारभावांवर देखरेख करण्यास नेमिलें. मजुरी कमी केली तर भाकरी व मांस ह्यांचे भावही कमी झाले पाहिजेत, हा ह्या नेमणुकीचा हेतु. त्यांचा पक्ष ब्र्यूनिंग ह्यांच्या विरुद्ध होता. गर्डेलर ह्यांनीं काम पत्करिलें आणि पक्ष सोडिला. ही एक गोष्ट त्यांचा स्वभाव दाखविण्यास पुरे आहे. समोर काम पडलें आणि तें आपणांस येतें असें वाटलें, कीं काम कोण देतो ह्याचा विचार ते मागाहून करीत. ह्या गुणानें त्यांस वर चढविलें, आणि पुढें ह्याच गुणानें त्यांस फसविलें.

३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर चान्सेलर झाला. थोड्याच महिन्यांत मोठमोठ्या शहरांच्या बहुतेक नगराध्यक्षांस घालवून त्यांच्या जागीं नाझी पक्षाचीं माणसें बसविण्यांत आलीं. गर्डेलर मात्र पक्षांत न शिरतां जागेवर राहिले. नगरपालिकेच्या इमारतीवर पक्षाचें निशाण चढविण्यास त्यांनीं विरोध केला. १ एप्रिल १९३३ रोजीं ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार घालण्याचा हुकूम सुटला, तेव्हां ते आपल्या अधिकाराचा पोषाख घालून स्वतः रस्त्यावर गेले आणि ज्यू व्यापाऱ्यांस त्रास देणाऱ्या पक्षाच्या गणवेशधाऱ्यांस त्यांनीं आवरलें. परंतु त्याच महिन्यांत ज्यूंस व विरोधकांस सरकारी नोकरींतून काढण्याचा कायदा झाला. आणि कायदा छापील निघाला म्हणजे तो पाळावयाचा हें तर अंमलदाराचें वळण. त्यांच्या कारकीर्दीत लाइप्झिगमध्येंही ज्यूंविरुद्धचे नियम अंमलांत आले. रस्त्यावरील दांडगाई त्यांस ताबडतोब दिसली. तीच दांडगाई कायद्याचें रूप घेऊन कचेरींत आली तेव्हां ती ओळखावयास त्यांस वेळ लागला.

ते राहिले कां? आम्हांस वाटतें, त्यांचें उत्तर दुहेरी होतें. एक तर आपण गेलों तर आपल्या जागीं अधिक वाईट मनुष्य येईल, हा विचार. आणि हा विचार खोटाही नव्हता. दुसरें, पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १३ व्या अध्यायांत अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याविषयीं जो बोध आहे, तो जर्मनींतील ल्यूथरच्या अनुयायांनीं पिढ्यान्‌पिढ्या असा घोकला होता कीं, राजा वाईट निघाला तर काय करावें हा प्रश्न त्यांच्या शिकवणींत मागें पडला होता. त्यांत ऑगस्ट १९३४ मध्यें सर्व सैनिकांस व सरकारी नोकरांस स्वतः हिटलरच्या नांवानें शपथ घ्यावयास लाविलें. देशाच्या किंवा कायद्याच्या नांवानें नव्हे, तर एका माणसाच्या नांवानें! ह्या शपथेनें पुढें कितीएक चांगल्या माणसांचे हात बांधून टाकिले.

शिवाय गर्डेलर ह्यांचा लेखणीवर अतोनात विश्वास होता. आंकडे देऊन, कारणें मांडून, नीट टिपण लिहून वरिष्ठांकडे धाडलें तर वरिष्ठ समजून घेतीलच, असें त्यांस वाटे. १९३४ मध्यें हिटलरनें त्यांस पुन्हां भावांच्या देखरेखीचें काम दिलें, तें त्यांनीं घेतलें. १९३५ मध्यें तें संपलें. कर्ज काढून शस्त्रें करूं नका, नाणें बिघडेल. परदेशांशीं व्यापार तोडूं नका, लोक उपाशी राहतील. नगरपालिकांचा स्वतंत्र कारभार नष्ट करूं नका: अशा अर्थाचीं टिपणांमागून टिपणें त्यांनीं लिहिलीं. १९३६ सालीं त्यांनीं ह्याच विषयावर एक मोठें निवेदन सादर केलें. तें झिडकारण्यांत आलें. हिटलरला हिशेब समजत नव्हता असें नव्हे. त्याला युद्ध करावयाचें होतें, आणि ज्याला युद्ध करावयाचें आहे त्याच्यापुढें जमाखर्च ठेवून काय उपयोग? हें गर्डेलर ह्यांस त्या वेळीं कळलें नाहीं. आपला मालक अज्ञानानें चुकतो, असेंच ते समजत राहिले.

मग पुतळ्याचें प्रकरण झालें. लाइप्झिग येथें गेवान्डहाउस नांवाच्या संगीतगृहासमोर फेलिक्स मेंडेलसोन ह्यांचा पुतळा होता. मेंडेलसोन हे ज्यू घराण्यांत जन्मले, पण लहानपणींच त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. १८३५ पासून ते तेथील वाद्यवृंदाचे प्रमुख होते. १८४३ मध्यें त्यांनीं त्या शहरांत संगीतशाळा स्थापिली. बाख ह्यांचें विसरलें गेलेलें मोठें उपासनासंगीत त्यांनींच पुन्हां लोकांपुढें आणिलें. पौल व एलीया ह्यांच्या जीवनांवर त्यांनीं रचलेलीं गायनें प्रसिद्ध आहेत, आणि नाताळांत गाइल्या जाणाऱ्या एका सर्वश्रुत गीताची चाल त्यांच्याच रचनेंतून घेतलेली आहे. इतकें असूनही त्यांचें रक्त ज्यू, म्हणून पुतळा काढा, असा नाझी पुढाऱ्यांनीं हेका धरिला. गर्डेलर ह्यांनीं साफ नकार दिला. नोव्हेंबर १९३६ मध्यें ते परदेशीं प्रवासास गेले असतां त्यांच्या दुय्यम अधिकाऱ्यानें, जो पक्षाचा मनुष्य होता, तो पुतळा रातोरात काढून नेला. परत आल्यावर गर्डेलर ह्यांनीं पुतळा जागच्या जागीं बसविण्याची मागणी केली. ती मान्य होईना, तेव्हां त्यांनीं राजीनामा दिला. त्याच वर्षीं आणखी १२ वर्षांकरितां त्यांची नेमणूक झाली होती. ३१ मार्च १९३७ रोजीं ते कचेरींतून बाहेर पडले.

कोणी म्हणेल, एवढे माणसांवर जुलूम झाले तेव्हां ते राहिले, आणि धातूच्या पुतळ्यासाठीं मात्र गेले! हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो झांकूं इच्छित नाहीं. परंतु मनुष्याच्या मनाचा बांध बहुधा अशाच ठिकाणीं फुटतो. शहराचा मुख्य अधिकारी आपल्याच शहरांतील एका पुतळ्याचें रक्षण करूं शकत नाहीं, तर आपल्या खुर्चीचा कोणास काय उपयोग, हें त्या दिवशीं त्यांस लख्ख दिसलें. नोकरींत राहून वाईटास थोपवितां येईल ही आशा तेथें संपली.

ह्यानंतर स्टुटगार्टचे कारखानदार रोबर्ट बॉश ह्यांनीं त्यांस सल्लागार म्हणून ठेविलें. बॉश हिटलरचे मित्र नव्हते. ह्या नोकरीच्या निमित्तानें १९३७ पासून १९३९ पर्यंत गर्डेलर ह्यांनीं इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, कानडा, बाल्कन देश, ईजिप्त, पॅलेस्टाइन असा पुष्कळ प्रवास केला, आणि जेथें जेथें मोठे अधिकारी भेटले तेथें तेथें त्यांनीं इशारा दिला कीं हिटलर थांबणार नाहीं. त्याला धीटपणें अडविलें तरच तो थांबेल. लंडनमध्यें परराष्ट्रखात्याचे रोबर्ट व्हॅन्सिटार्ट त्यांस भेटत असत. परंतु सप्टेंबर १९३८ मध्यें म्यूनिक येथें इंग्लंड व फ्रान्स ह्यांनीं चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला तोडून दिला, आणि वर्षाच्या आंत युद्ध पेटलें.

युद्धाच्या काळांत त्यांचें जीवन एका गुप्त वाटसरूचें होतें. सरसेनापतीच्या कचेरीचे प्रमुख लुडविग बेक ह्यांनीं ऑगस्ट १९३८ मध्यें युद्धास विरोध करून जागा सोडली होती. ते व गर्डेलर असे दोघे ह्या मसलतीचे मुख्य झाले. सेनापति, वकील, वकिलातींतील माणसें, प्रशियाचे अर्थमंत्री पोपिट्झ, मजूरसंघांचे पुढारी लॉयश्नर, रोमन कॅथॉलिक पुढारी याकोब कायझर, अशा एकमेकांचें तोंडही न पाहणाऱ्या लोकांस गर्डेलर ह्यांनीं हिंडून हिंडून एकत्र आणिलें. आगगाडींत रात्र, पेटींत टिपणें, आणि दुसऱ्या दिवशीं नव्या शहरांत नवी भेट. फ्रायबुर्ग येथील प्रॉटेस्टंट प्राध्यापकांनीं युद्धानंतरच्या राज्यव्यवस्थेवर ख्रिस्ती दृष्टीनें एक मोठें टिपण तयार केलें, त्या विचारविनिमयासही ते नोव्हेंबर १९४२ मध्यें हजर होते. त्याच वर्षीं त्यांचा मुलगा ख्रिश्चन रशियाच्या आघाडीवर पडला. त्याच वर्षाच्या शरद्‌ऋतूंत खोट्या परवान्यावर ते थेट स्मोलेन्स्कपर्यंत जाऊन फील्डमार्शल क्लूगे ह्यांस भेटले. सेनापतींनीं ऐकून घेतलें, माना डोलविल्या, आणि पुढें कांहीं केलें नाहीं. शपथ आड येत होती. कांहींच्या बाबतींत बढती व बक्षिसेंही आड येत होतीं.

नव्या सरकारचे ते चान्सेलर व्हावयाचे असें ठरलें होतें. त्यासाठीं त्यांनीं जाहीरनामे, मंत्र्यांच्या याद्या, करांच्या योजना सर्व तयार करून ठेविलें. कायद्याचें राज्य पुन्हां सुरू होईल, बंदीखानें उघडलीं जातील, ज्यूंचा छळ तत्काळ बंद होईल, असें त्यांत होतें. ह्याबरोबर हेंही सांगितलें पाहिजे कीं १९४१ च्या सुमारास लिहिलेल्या एका टिपणांत त्यांनीं ज्यूंसाठीं जगांत कोठें तरी निराळें राज्य असावें, आणि जर्मनींतील बहुतेक ज्यूंस परकीय समजावें, अशी सूचना केली आहे. त्यांचा हेतु ज्यूंस वांचविण्याचा होता असें कांहीं इतिहासकार म्हणतात, आणि दुसरे त्यांत जुना द्वेषच पाहतात. आमच्या मतें ज्यानें पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं राहणाऱ्यास परका म्हटलें, त्यानें तेथें न्यायाची वाट सोडलीच.

आतां सर्वांत कठीण गोष्टीकडे येऊं. हिटलरला मारावें कीं नाहीं? गर्डेलर ह्यांचें म्हणणें मारूं नये असें होतें. खून करणें हें त्यांच्या ख्रिस्ती बुद्धीस पटत नव्हतें, आणि कायदेपंडित म्हणूनही त्यांस वाटे कीं त्याला पकडावें, न्यायालयापुढें उभें करावें, त्याचीं कृत्यें जर्मन लोकांस ऐकवावीं. म्हणजे लोकांचे डोळे आपोआप उघडतील. सैन्यांतील तरुण अधिकाऱ्यांस हें भोळेपण वाटे. ह्या तरुणांत कर्नल स्टाउफेनबर्ग मुख्य. दररोज हजारों माणसें आघाडीवर व छळछावण्यांत मरत असतां एका माणसाचा जीव जपून ठेवावयाचा, ह्याला त्यांच्या मतें अर्थ नव्हता. उलट गर्डेलर ह्यांस वाटे, रक्तानें सुरू केलेलें राज्य कायद्याचें राज्य कसें होईल? मे १९४४ पर्यंत ते हिटलरशीं समोरासमोर बोलून त्याला पायउतार होण्यास सांगावें अशा गोष्टी करीत होते. दोन्ही बाजूंस प्रार्थना करणारीं माणसें होतीं, आणि दोघांचेंही मन त्यांस खात होतें. आम्ही येथें निकाल देण्यास बसलों नाहीं. ज्यांच्यावर ही वेळ आली नाहीं त्यांनीं सांभाळून बोलावें. एवढें मात्र खरें कीं शेवटीं गर्डेलर ह्यांनीं त्या कटाशीं संबंध तोडिला नाहीं. बॉम्ब दुसऱ्यांनीं ठेवावयाचा आणि त्यानंतरचें राज्य आपण चालवावयाचें, ही अडचणीची जागा त्यांनीं पत्करिली. स्टाउफेनबर्ग ह्यांस ते जुन्या वळणाचे व जिभेचे मोकळे वाटत. ते नको तेथें बोलतात आणि नको तें लिहून ठेवितात, ही तक्रार खोटी नव्हती.

२० जुलै १९४४ रोजीं पूर्व प्रशियांतील छावणींत स्टाउफेनबर्ग ह्यांनीं ठेविलेला बॉम्ब फुटला. चार माणसें त्या स्फोटानें मेलीं, हिटलर वांचला. त्याच रात्रीं बर्लिनमध्यें बेक व स्टाउफेनबर्ग ह्यांचा अंत झाला. गर्डेलर ह्यांस पकडण्याचा हुकूम आधींच सुटला होता, आणि ती बातमी लागल्यामुळें ते अगोदरच लपले होते. ३१ जुलै रोजीं त्यांस ६० वर्षें पुरीं झालीं. तो वाढदिवस त्यांनीं लपूनछपून काढिला. दुसऱ्याच दिवशीं त्यांच्या डोक्यावर १० लाख मार्कांचें इनाम लागलें.

अशा वेळीं शहाणा मनुष्य सरहद्दीकडे पळाला असता. गर्डेलर पूर्वेकडे, आपल्या गांवाकडे गेले. मरण्यापूर्वीं एकदां आईबापांच्या कबरींचें दर्शन घ्यावें एवढीच त्यांची इच्छा होती. मारीएनवेर्डरच्या स्मशानभूमींत एका बाईनें त्यांस ओळखलेंसें दिसतांच तेथेंही त्यांस थांबतां आलें नाहीं. ते पायीं निघाले आणि रात्र रानांत काढली. १२ ऑगस्ट रोजीं सकाळीं कोनराड्सवाल्डे ह्या खेड्यांतील खाणावळींत थकून बसले असतां हवाई दलाच्या कचेरींत काम करणाऱ्या एका स्त्रीची नजर त्यांच्यावर पडली. ती त्यांच्या कुटुंबास पूर्वींपासून ओळखत होती. तिनें सोबत्यांस इशारा केला. गर्डेलर उठून चालूं लागले, पण थोड्याच अंतरावर ते धरले गेले. त्या स्त्रीस इनाम मिळालें, आणि युद्ध संपल्यावर कोर्टानें तिला शिक्षाही दिली.

८ सप्टेंबर रोजीं फ्राइस्लर नांवाच्या न्यायाधीशानें त्यांस मरणाची शिक्षा सांगितली. त्या न्यायसभेस लोकन्यायालय म्हणत. तींत न्यायाधीश आरोपींवर ओरडे आणि आरोपींस धड बोलूं देत नसे. बाकीच्यांस बहुधा तत्काळ फांसावर चढविण्यांत येई. गर्डेलर ह्यांस मात्र जवळजवळ पांच महिने जिवंत ठेविलें. एक कारण असें कीं त्यांच्यापासून आणखी माहिती काढावयाची होती. दुसरें कारण ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. ज्यांनीं त्यांस मरणाची शिक्षा दिली त्याच सरकारच्या लोकांनीं त्यांच्याकडून राज्यकारभाराची व नगरपालिकांची सुधारणा कशी करावी ह्याविषयीं टिपणें लिहून मागितलीं! आणि त्यांनीं तीं लिहिलीं. अंधाऱ्या कोठडींत, हातांस बेड्या पडत असतां, गर्डेलर हे करांची वांटणी व शहरांची पुनर्रचना ह्यांवर लिहीत होते.

चौकशींत त्यांनीं पुष्कळांचीं नांवें सांगितलीं. हा त्यांच्या चरित्रावरील सर्वांत दुःखद डाग होय. त्यांच्या बोलण्यावरून कितीएक माणसें सांपडलीं. हें त्यांनीं कां केलें? छळ, झोप न येऊं देणें, भूक व थंडी हीं कारणें तर आहेतच. परंतु ज्यांनीं त्यांस ओळखलें त्यांचें म्हणणें असें कीं, हा थोड्या माथेफिरू अधिकाऱ्यांचा कट नसून देशांतील निवडक माणसांचें बंड होतें, हें दाखविलें तर राज्यकर्ते चपापतील, आणि इतक्या नांवांचा तपास करतां करतां त्यांचा वेळ जाईल, अशी त्यांची समजूत होती. म्हणजे शेवटच्या क्षणींही त्यांस वाटत होतें कीं, सर्व हकीकत खरी खरी मांडली तर ऐकणारा विचार करील. ज्या विश्वासानें त्यांनीं हिटलरला टिपणें धाडिलीं, तोच विश्वास त्यांनीं गेस्टापोच्या म्हणजे गुप्त पोलिसांच्या मेजापाशींही ठेविला, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनीं आपल्या जिवानें भरली.

जानेवारी १९४५ मध्यें इतिहासकार गेरहार्ड रिटर, जे स्वतः त्याच आरोपाखालीं अटकेंत होते, त्यांस तुरुंगांत भेटले. ज्या ताठ, उल्हासी गृहस्थास ते ओळखत होते त्याच्या ठिकाणीं एक पांढऱ्या केसांचा, डोळ्यांतील तेज गेलेला म्हातारा त्यांस दिसला. ह्या भेटीविषयीं व गर्डेलर ह्यांच्या साऱ्या आयुष्याविषयीं रिटर ह्यांनीं १९५४ सालीं मोठें चरित्र प्रसिद्ध केलें. एका पहारेकऱ्याच्या दयेनें त्या कोठडींतील कांहीं कागद बाहेर आले. त्यांत गर्डेलर ह्यांची श्रद्धा कशी झगडत होती तें दिसतें. इतके निरपराध लोक मरत असतां देव गप्प कां, एकेका मनुष्याच्या सुखदुःखाची त्याला खरोखर काळजी आहे काय, हा प्रश्न त्यांनीं उघडपणें मांडिला आहे. त्यांस उत्तर सांपडलें असें म्हणवत नाहीं. ख्रिस्ताच्या द्वारें त्या पित्याचा शोध मात्र त्यांनीं सोडिला नाहीं.

२ फेब्रुवारी १९४५ रोजीं त्यांस, पोपिट्झ ह्यांस आणि आल्फ्रेड डेल्प ह्या येशूसंघी पाळकास एकाच दिवशीं मरणदंड देण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं, ३ फेब्रुवारी रोजीं, बर्लिनवर अमेरिकन विमानांचा हल्ला झाला व त्यांत न्यायाधीश फ्राइस्लर मारला गेला. कोनिग्सबर्गच्या नगरपालिकेंत खजिन्याचें काम पाहणारे गर्डेलर ह्यांचे बंधु फ्रिट्झ ह्यांसही १ मार्च रोजीं मारण्यांत आलें.

अपराध एकाचा आणि शिक्षा साऱ्या घराला, असा त्या वेळचा नियम होता. गर्डेलर ह्यांची पत्नी व मुलें धरलीं गेलीं आणि एका छावणींतून दुसऱ्या छावणींत हलविलीं गेलीं. त्यांच्या दोन चिमुकल्या नातवांस आईपासून तोडून, दुसरीं नांवें देऊन, बाट साक्सा येथील बालगृहांत ठेविलें होतें. त्यांतील धाकटा अवघ्या कांहीं महिन्यांचा होता. एप्रिल १९४५ च्या अखेरीस आल्प्स पर्वतांतील दक्षिण टिरोल प्रांतांत कैद्यांच्या त्या टोळीची सुटका झाली, आणि पुढें तीं मुलेंही सांपडलीं. मुलगा राइनहार्ड हिशेबतपासनीस झाला, के. पी. एम. जी. ह्या जगभर पसरलेल्या पेढीच्या नांवांतील शेवटचें अक्षर त्यांच्याच आडनांवाचें आहे.

लाइप्झिग येथें १९९९ सालीं नगरपालिकेच्या इमारतीजवळ जमिनींत विहिरीसारखा खोल खड्डा करून त्यांत गर्डेलर ह्यांच्या स्मरणार्थ एक घंटा बसविण्यांत आली. मेंडेलसोन ह्यांचा नेलेला पुतळा कधींच परत मिळाला नाहीं. २००८ सालीं त्याची हुबेहुब नवी प्रत सेंट थॉमसच्या मंदिराजवळ उभी करण्यांत आली.